भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) याची विविध नावे

भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) ही भारतात बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाखाली बंदी असलेली सशस्त्र संघटना आहे. ती २१ सप्टेंबर २००४ रोजी दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून स्थापन झाली. महाराष्ट्रात तिचे अस्तित्व प्रामुख्याने गडचिरोली आणि गोंदिया या जिल्ह्यांत राहिले. तिच्याविरुद्धच्या राज्य पोलिसांच्या कारवाईचे समन्वयन नागपूर येथील नक्षलविरोधी अभियानाच्या कार्यालयातून केले जाते.

या संघटनेला 'नक्षलवादी', 'नक्षली', 'माओवादी', 'डावे अतिरेकी', 'पीपल्स वॉर ग्रुप', 'दलम', 'अंदरवाले' अशा अनेक नावांनी ओळखले जाते. ही नावे बोलताना एकमेकांऐवजी वापरली जात असली, तरी त्यांचा अर्थ एकच नाही. काही नावे चळवळीचे उगमस्थान सांगतात, काही विचारसरणी, तर काही संघटनेची रचना. शासनाने दिलेली नावे धोक्याचे स्वरूप सांगतात. गावकऱ्यांनी दिलेल्या नावांतून त्यांचा या लोकांशी असलेला संबंध दिसतो. एखाद्या व्यक्तीला कोणते नाव लावले जाते यावर तिची अटक, जामीन, शिक्षा आणि कधी कधी जीवितही अवलंबून राहिले असल्याने हा केवळ शब्दार्थाचा प्रश्न नाही.

## नावांचे स्थूल वर्गीकरण

- उगमस्थानावरून : नक्षलवादी, नक्षली, नक्षल
- विचारसरणीवरून : माओवादी, मार्क्सवादी-लेनिनवादी (मा-ले)
- अधिकृत पक्षनाम : भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी), संक्षेपाने भाकप (माओवादी)
- पूर्वीच्या संघटनांवरून : पीपल्स वॉर ग्रुप, एमसीसी
- लष्करी रचनेवरून : दलम, प्लाटून, कंपनी, पीएलजीए
- शासकीय परिभाषेत : डावा अतिरेकवाद, डावी कडवी विचारसरणी
- स्थानिक बोलण्यात : दादा लोक, अंदरवाले, अन्ना
- राजकीय वादातून : शहरी नक्षलवादी, नक्षल समर्थक

## 'नक्षलवादी'

हे नाव पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील नक्षलबाडी या गावावरून आले. सिलिगुडी उपविभागातील या परिसरात १९६७ मध्ये भूमिहीन शेतकरी आणि चहामळ्यांतील मजूर यांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला. २४ मे रोजी एका पोलीस निरीक्षकाचा मृत्यू झाला आणि २५ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात स्त्रिया व मुलांसह अनेक जण मारले गेले. चारू मजुमदार, कानू सान्याल आणि जंगल संथाल ही या उठावाशी जोडली गेलेली प्रमुख नावे आहेत. त्यानंतर या मार्गाचा पुरस्कार करणाऱ्यांना देशभर 'नक्षलवादी' म्हटले जाऊ लागले.

मराठीत 'वाद' हा प्रत्यय सामान्यतः एखाद्या तत्त्वाला किंवा व्यक्तीच्या नावाला लागतो, उदा. समाजवाद, गांधीवाद. 'नक्षलवाद' या शब्दात तो गावाच्या नावाला लागला आहे. या शब्दावरून संघटनेचे उद्दिष्ट किंवा तत्त्वज्ञान समजत नाही, केवळ आरंभ कोठे झाला एवढेच समजते. त्यामुळे तो अत्यंत व्यापक झाला. १९६७ नंतर या परंपरेतून निघालेल्या सर्व गटांना, मग ते शस्त्र हाती घेणारे असोत वा निवडणूक लढवणारे, तो लावता येतो.

बंगालीत हा शब्द 'क' आणि 'श' या वर्णांनी, तर हिंदीत 'नक्सल' असा लिहिला जातो. मराठीत 'क्ष' रूढ झाला. मराठी वृत्तपत्रांत 'नक्षली' हे नाम आणि 'नक्षल्यांनी', 'नक्षल्यांचा' ही त्याची सामान्यरूपे नेहमी आढळतात. 'नक्षल चळवळ', 'नक्षल हल्ला', 'नक्षलग्रस्त' या प्रयोगांत 'नक्षल' हा शब्द विशेषणासारखा वापरला जातो.

## पक्षनामे आणि त्यांतील बदल

### मार्क्सवादी-लेनिनवादी

भारतीय कम्युनिस्ट पक्षात १९६४ मध्ये फूट पडून भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) म्हणजे माकप वेगळा झाला. नक्षलबाडीच्या उठावाच्या वेळी त्याचे नेते माकपमध्येच होते आणि पश्चिम बंगालच्या संयुक्त आघाडी सरकारात माकप सहभागी होता. या विसंगतीतून पुन्हा फूट पडली आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, लेनिनच्या जन्मदिनी, भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी-लेनिनवादी) स्थापन झाला. १ मे रोजी कोलकाता येथे त्याची जाहीर घोषणा झाली. चारू मजुमदार यांचा २८ जुलै १९७२ रोजी कोठडीत मृत्यू झाल्यावर या पक्षाचे अनेक तुकडे झाले. प्रत्येक तुकडा स्वतःला मूळ पक्ष मानत असल्याने बहुतेकांनी 'मार्क्सवादी-लेनिनवादी' हे मूळ नाव कायम ठेवले आणि पुढे कंसात किंवा जोडून वेगळा शब्द लावला.

भाकप, माकप, भाकप (मा-ले) आणि भाकप (माओवादी) ही नावे दिसायला जवळची असली, तरी चारही पक्ष वेगळे आहेत. त्यांपैकी पहिले दोन संसदीय पक्ष आहेत. भाकप (मा-ले) लिबरेशन हा पक्षही नक्षलबाडीच्या परंपरेतीलच आहे, पण तो उघडपणे निवडणुका लढवतो. बिहारमध्ये 'माले' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पक्षाचे २०२० च्या विधानसभा निवडणुकीत १२ आमदार आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत २ खासदार निवडून आले. ऐतिहासिक अर्थाने या पक्षाला 'नक्षलवादी परंपरेतील' म्हणता येते. 'माओवादी संघटनेचा' मात्र म्हणता येत नाही.

### पीपल्स वॉर

कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या नेतृत्वाखाली २२ एप्रिल १९८० रोजी आंध्र प्रदेशात भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी-लेनिनवादी) [पीपल्स वॉर] हा पक्ष स्थापन झाला. वृत्तपत्रांत आणि पोलिसांच्या बोलण्यात त्याला 'पीपल्स वॉर ग्रुप' किंवा 'पीडब्ल्यूजी' म्हणत. मराठीत 'लोकयुद्ध गट' असेही भाषांतर झाले, पण इंग्रजी नावच अधिक रूढ राहिले.

महाराष्ट्राचा या चळवळीशी थेट संबंध याच पक्षामुळे आला. १९८० मध्ये त्याच्या सशस्त्र तुकड्या प्राणहिता आणि गोदावरी ओलांडून सिरोंचा परिसरात आल्या. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. म्हणून गडचिरोलीतील चळवळीच्या आरंभकाळाचे वर्णन करताना 'माओवादी पक्ष आला' असे लिहिणे कालविपर्यासाचे ठरते. आलेली संघटना 'पीपल्स वॉर' होती.

### एमसीसी

बंगाल आणि बिहारमध्ये १९६९ मध्ये 'दक्षिण देश' या नियतकालिकाच्या नावाने ओळखला जाणारा एक गट होता. तो भाकप (मा-ले) मध्ये कधीच सामील झाला नाही. १९७५ पासून त्याने 'माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर' हे नाव घेतले. मराठी वृत्तपत्रांत तो 'एमसीसी' या आद्याक्षरांनी येई. २००३ मध्ये एका लहान गटाच्या विलीनीकरणानंतर त्याच्या नावात 'ऑफ इंडिया' जोडले गेले.

### भाकप (माओवादी)

पीपल्स वॉर आणि एमसीसी यांचे २१ सप्टेंबर २००४ रोजी विलीनीकरण झाले आणि १४ ऑक्टोबर २००४ रोजी नव्या पक्षाची जाहीर घोषणा झाली. एक संघटना 'मा-ले' या वारशाची आणि दुसरी त्या वारशाबाहेरची असल्याने दोघींना मान्य होईल असे नाव आवश्यक होते. 'माओवादी' हा शब्द एमसीसीच्या नावात आधीपासून होता. नव्या पक्षाने 'मार्क्सवाद-लेनिनवाद-माओवाद' ही आपली विचारसरणी जाहीर केली. त्यापूर्वीच्या भाकप (मा-ले) च्या परिभाषेत 'माओ विचार' हा शब्दप्रयोग होता. 'विचार' ऐवजी 'वाद' म्हणणे हे अनुयायांच्या दृष्टीने माओ त्से-तुंग यांना मार्क्स आणि लेनिन यांच्या बरोबरीचे स्थान देणे होते.

नेपाळमधील माओवादी पक्षाशी नावाचे साम्य असले, तरी तो स्वतंत्र पक्ष आहे. त्याने २००६ च्या शांतता करारानंतर निवडणुकीचा मार्ग स्वीकारला आणि सत्ताही मिळवली.

## लष्करी रचनेची नावे

विदर्भातील बातम्यांत पक्षाच्या नावापेक्षा 'दलम' हा शब्द अधिक वेळा आढळतो. हा तेलुगू शब्द असून संस्कृत 'दल' या शब्दाशी संबंधित आहे. त्याचा अर्थ सशस्त्र तुकडी असा होतो. टिपागड दलम, कसनसूर दलम, पेरिमिली दलम, भामरागड दलम अशी नावे त्या तुकडीच्या कार्यक्षेत्रावरून पडली. चळवळ तेलुगू भाषक प्रदेशातून आल्याची खूण या शब्दात टिकून आहे. गावपातळीवरील संघटनेसाठी वापरला जाणारा 'संघम', पुरुष कार्यकर्त्यांसाठीचा 'अन्ना' आणि स्त्री कार्यकर्त्यांच्या नावापुढे लागणारा 'अक्का' हे शब्दही त्याच वाटेने आले.

पीपल्स वॉरने २ डिसेंबर २००० रोजी आपल्या सशस्त्र दलाला 'पीपल्स गनिमी सेना' असे स्वरूप दिले. आदल्या वर्षी त्याच तारखेला पक्षाच्या केंद्रीय समितीचे तीन सदस्य मारले गेले होते. २००४ च्या विलीनीकरणानंतर या दलाचे नाव 'पीपल्स लिबरेशन गनिमी सेना' म्हणजे 'पीएलजीए' झाले. दरवर्षी २ ते ८ डिसेंबर या काळात पाळला जाणारा 'पीएलजीए सप्ताह' आणि २८ जुलै ते ३ ऑगस्ट या काळातील 'शहीद सप्ताह' हे शब्द गडचिरोलीतील बातम्यांत नियमित येत राहिले. २८ जुलै हा चारू मजुमदार यांचा स्मृतिदिन आहे.

प्रादेशिक रचनेत गडचिरोलीचा समावेश बस्तरसह 'दंडकारण्य विशेष विभागीय समिती' मध्ये होता. गोंदिया, बालाघाट आणि राजनांदगाव या भागांसाठी पुढे महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड असा वेगळा विभाग करण्यात आला. तिन्ही राज्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एमएमसी झोन' म्हणतात. पक्षाने आपल्या प्रभावक्षेत्रातील समांतर सत्तेला 'जनताना सरकार' असे नाव दिले.

पोलिसांनी उभारलेल्या दलाचे नावही या परिसराच्या शब्दसंग्रहात रुजले आहे. १९९० मध्ये गडचिरोलीत ६० जवानांचे विशेष पथक तयार करण्यात आले, म्हणून ते 'सी-६०' झाले. पुढे संख्या अनेक पटींनी वाढली तरी नाव तेच राहिले.

## शासकीय परिभाषा

केंद्रीय गृह मंत्रालयात १९ ऑक्टोबर २००६ रोजी या विषयासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचे आरंभीचे नाव 'नक्षल व्यवस्थापन विभाग' असे होते. पुढे ते 'डावा अतिरेकवाद विभाग' असे करण्यात आले. या बदलामुळे एका गावाचे नाव शासकीय संज्ञेतून गेले आणि विविध गटांना एकत्र सामावणारी संज्ञा आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एलडब्ल्यूई' हे संक्षिप्त रूप शासकीय पत्रव्यवहारात सर्रास वापरले जाते. महाराष्ट्र शासनाच्या मराठी कागदपत्रांत 'डावी कडवी विचारसरणी' हा पर्याय आढळतो. राज्य पोलिसांच्या नागपूर कार्यालयाच्या नावात मात्र 'नक्षलविरोधी' हाच शब्द कायम आहे.

'अतिरेकवाद' आणि 'कडवी विचारसरणी' या दोन मराठी पर्यायांत अर्थभेद आहे. पहिला शब्द कृतीकडे झुकतो, दुसरा मताकडे. कृती आणि मत यांतील सीमारेषा कोठे आखावी, हा या विषयावरील कायदेविषयक वादाचा गाभा असल्याने हा भेद महत्त्वाचा आहे.

गडचिरोली पोलिसांच्या निवेदनांत 'जहाल नक्षलवादी' किंवा 'जहाल माओवादी' हा प्रयोग वारंवार येतो. सामान्यतः मोठे पारितोषिक जाहीर झालेल्या किंवा अनेक गुन्हे नोंद असलेल्या व्यक्तीसाठी तो वापरला जातो. मराठी वाचकाला 'जहाल' हा शब्द लोकमान्य टिळकांच्या काळातील 'जहाल' आणि 'मवाळ' या काँग्रेसमधील दोन गटांवरून परिचित आहे. तेथे तो राजकीय भूमिका सांगतो, पोलीस निवेदनात धोक्याची पातळी. शब्द एकच असला तरी हे दोन वापर स्वतंत्र आहेत.

### 'नक्षलग्रस्त'

'नक्षलग्रस्त' हे विशेषण व्यक्तीला नव्हे, तर प्रदेशाला लागते. 'दुष्काळग्रस्त', 'पूरग्रस्त' या शब्दांच्या धर्तीवर ते तयार झाले आहे. 'नक्षलप्रभावित' हा पर्यायही वापरात आहे. या शब्दाला प्रशासकीय परिणाम आहेत. अशा भागात काम करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता मिळतो, तर केंद्राच्या सुरक्षाविषयक खर्चाच्या योजनेत समाविष्ट जिल्ह्यांना निधी मिळतो. या योजनेतील जिल्ह्यांची देशभरातील संख्या २०१८ मध्ये १२६ वरून ९० आणि २०२१ मध्ये ७० करण्यात आली. दुसरीकडे, याच विशेषणामुळे जिल्ह्याची ओळख केवळ हिंसाचाराशी जोडली जाते.

## स्थानिक बोलण्यातील नावे

गडचिरोली आणि लगतच्या बस्तरमधील गावांत या संघटनेच्या सदस्यांचा उल्लेख अनेकदा पक्षाच्या नावाने होत नाही. 'दादा लोक', 'अंदरवाले', 'जंगलवाले' असे शब्द वापरले जातात. तेलंगणात त्यांना 'अन्नलु' म्हणजे थोरले भाऊ म्हणत. 'दादा' आणि 'अन्ना' हे नातेवाचक शब्द आहेत. त्यांतून आदर, भीती किंवा केवळ सावधगिरी यांपैकी काय व्यक्त होते, हे प्रसंगावर अवलंबून असते. नाव न घेता बोलण्याची सोय 'अंदरवाले' या शब्दात आहे. 'अंदर' म्हणजे रस्त्यापासून दूर, दाट जंगलात.

या परिसरात आणखी दोन नावांचा दीर्घकाळ धाक राहिला. पोलिसांशी बोलल्याच्या संशयावरून संघटनेने अनेक गावकऱ्यांना 'पोलीस खबरी' ठरवून त्यांची हत्या केली. मृतदेहाजवळ तसा मजकूर लिहिलेले पत्रक सोडणे ही तिची पद्धत होती. याउलट, जंगलातून आलेल्यांना जेवण दिले किंवा बैठकीस हजर राहिले, म्हणून गावकऱ्यांना 'नक्षल समर्थक' ठरवले जाण्याचीही शक्यता असे. हत्यारबंद माणूस दारात आल्यावर त्याला नकार देणे शक्य नसते, हे वास्तव यांपैकी कोणत्याही शब्दात येत नाही. मारले गेलेले आणि संशयाखाली आलेले यांत आदिवासी गावकऱ्यांची संख्या मोठी आहे.

## टोपणनावे

संघटनेतील व्यक्ती भरतीनंतर नवे नाव घेतात. एकाच व्यक्तीची भागानुसार वेगवेगळी नावेही असतात. म्हणून पोलीस निवेदनांत आणि न्यायालयीन कागदपत्रांत 'ऊर्फ' या शब्दाची साखळी दिसते. २००४ पासून सरचिटणीस असलेले मुप्पाला लक्ष्मण राव हे 'गणपती' या नावाने परिचित होते. त्यांच्यानंतर २०१८ मध्ये सरचिटणीस झालेले नंबाला केशव राव 'बसवराजू' या नावाने ओळखले जात. ते २१ मे २०२५ रोजी छत्तीसगडमधील नारायणपूर भागात सुरक्षा दलांच्या कारवाईत मारले गेले. नागपूरमध्ये अध्यापन केलेल्या आणि पक्षाच्या केंद्रीय समितीपर्यंत पोहोचलेल्या अनुराधा गांधी यांचे एक नाव 'जानकी' होते. एप्रिल २००८ मध्ये त्यांचे मलेरियाने निधन झाले.

मल्लोजुला वेणुगोपाल राव यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. गडचिरोलीत ते 'भूपती', संघटनेत 'सोनू' आणि प्रसिद्धिपत्रकांत 'अभय' होते. २०२५ मध्ये त्यांनी सशस्त्र संघर्ष तात्पुरता थांबवण्याची भूमिका मांडली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांनी ६० सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत शस्त्रे खाली ठेवली. शासनाने या घटनेला 'आत्मसमर्पण' म्हटले, तर संघटनेतील उर्वरित नेतृत्वाने त्यांना 'गद्दार' ठरवले.

## कायद्यातील अर्थ

बोलण्यात 'नक्षलवादी' आणि 'माओवादी' हे समानार्थी शब्द असले, तरी कायद्यात बंदी शब्दावर किंवा विचारसरणीवर नसून नामनिर्देशित संघटनांवर आहे. पीपल्स वॉर आणि एमसीसी यांचा समावेश डिसेंबर २००१ मध्ये दहशतवादविरोधी कायद्याच्या अनुसूचीत करण्यात आला. तो कायदा २००४ मध्ये रद्द झाल्यावर ही यादी बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमात आली. २२ जून २००९ रोजी भाकप (माओवादी) आणि तिच्या सर्व शाखा व आघाडी संघटना यांची नोंद तीत करण्यात आली. 'आघाडी संघटना' म्हणजे पक्षाच्या वतीने उघडपणे काम करणारी, वेगळ्या नावाची संघटना. एखादी संघटना अशी आहे की नाही, हे नावावरून समजत नसल्याने बहुतेक वाद याच मुद्द्यावर होतात.

माओवादी विचार बाळगणे हा स्वतःहून गुन्हा नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले. बंदी असलेल्या संघटनेचे केवळ सदस्यत्व हा गुन्हा आहे का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाची भूमिका बदलली. २०११ मध्ये न्यायालयाने हिंसेत सहभाग किंवा चिथावणी आवश्यक मानली होती. २४ मार्च २०२३ रोजी मोठ्या पीठाने तो निर्णय रद्द ठरवला. त्यामुळे 'सदस्य' आणि 'सहानुभूतीदार' यांतील भेद आणखी निर्णायक झाला.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील जी. एन. साईबाबा प्रकरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. दिल्ली विद्यापीठातील या प्राध्यापकांना आणि सहआरोपींना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी दोषी ठरवले. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने खटल्यास दिलेल्या मंजुरीतील त्रुटीमुळे त्यांची सुटका केली. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून फेरसुनावणीस पाठवल्यावर ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने सर्वांना पुन्हा निर्दोष ठरवले. संकेतस्थळावरून या विचारसरणीचे साहित्य मिळवणे एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही, असे या निकालात नमूद आहे. साईबाबा यांचे १२ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाले.

## 'शहरी नक्षलवाद'

पक्षाने शहरांतील कामाविषयी स्वतःचे धोरण दस्तऐवजाच्या रूपात मांडले होते आणि कामगार, विद्यार्थी व बुद्धिजीवी यांच्यात काम करण्याचा उल्लेख त्यात होता. 'शहरी नक्षलवादी' किंवा 'अर्बन नक्षल' हा शब्द मात्र पक्षाचा नाही. तो २०१८ मध्ये व्यापक प्रचारात आला. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात झालेल्या एल्गार परिषदेच्या तपासात जून २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी नागपूर, मुंबई आणि दिल्ली येथून पाच जणांना अटक केली. त्यानंतर हा शब्द वृत्तवाहिन्या आणि राजकीय भाषणे यांत रुळला.

या शब्दाचे समर्थक म्हणतात की, जंगलातील सशस्त्र दलाला शहरातून पैसा, भरती व प्रचार यांचा पुरवठा होतो आणि त्या जाळ्याला नाव असणे आवश्यक आहे. टीकाकारांच्या मते या शब्दाला निश्चित व्याख्या नसल्याने शासनावर टीका करणारे लेखक, वकील किंवा कार्यकर्ते यांनाही तो लावता येतो.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या चर्चेत हाच वाद पुन्हा उभा राहिला. जुलै २०२४ मध्ये मांडलेले हे विधेयक डिसेंबर २०२४ च्या नागपूर हिवाळी अधिवेशनात पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले. मूळ मसुद्यात 'व्यक्ती आणि संघटना' यांच्या बेकायदेशीर कृत्यांचा उल्लेख होता. समितीच्या शिफारशीनंतर तेथे 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या' व तशा प्रकारच्या संघटनांचा उल्लेख आला. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. बदलामुळे व्याप्ती मर्यादित झाली असे शासनाचे म्हणणे होते, तर 'कडवी' कोणी ठरवायची हा विरोधकांचा आक्षेप होता.

## अन्य देशांतील उदाहरणे

सशस्त्र संघटनेचे स्वतःचे नाव आणि इतरांनी दिलेले नाव वेगळे असण्याची उदाहरणे अन्यत्रही आढळतात. पेरूमधील 'सेंदेरो लुमिनोसो' म्हणजे 'तेजस्वी मार्ग' ही माओवादी संघटना स्वतःला केवळ पेरूचा कम्युनिस्ट पक्ष म्हणवत असे. पश्चिम आशियातील 'इस्लामिक स्टेट' ला अनेक अरब व युरोपीय सरकारांनी 'दाएश' म्हणणे पसंत केले, कारण संघटनेने घेतलेले नाव वापरल्यास तिच्या राज्य असण्याच्या दाव्याला मान्यता मिळते, असे त्यांचे मत होते. भारतात मात्र शासन व वृत्तपत्रे यांनी 'माओवादी' हे संघटनेचे स्वतःचे नावही वापरले आणि 'नक्षलवादी' हे जुने नावही सोडले नाही.

## लेखनातील वापर

काळ आणि संदर्भ लक्षात घेतल्यास या नावांतील गोंधळ बराच टाळता येतो. १९६७ ते १९७२ या काळातील उठावासाठी 'नक्षलवादी' हा शब्द योग्य ठरतो. १९८० ते २००४ या काळातील गडचिरोलीच्या घटनांसाठी 'पीपल्स वॉर' हे नाव अचूक आहे. २००४ नंतरच्या घटनांसाठी, उदा. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले तो हल्ला किंवा १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथे १५ जवान व वाहनचालक मारले गेले तो भूसुरुंग स्फोट, यांसाठी भाकप (माओवादी) हे नाव वापरावे. परंपरेचा किंवा चळवळीचा एकत्रित उल्लेख करताना 'नक्षलवादी चळवळ' म्हणता येते. व्यक्तीच्या बाबतीत 'आरोपी', 'दोषी', 'निर्दोष मुक्त' आणि 'आत्मसमर्पित' हे शब्द न्यायालयीन स्थितीनुसार वापरणे आवश्यक आहे, कारण 'माओवादी' हा शब्द त्या व्यक्तीविषयीचा निर्णय आधीच गृहीत धरतो.